दोन नळांमधला सांधा



अजिंठा गावात आमचे वडिलोपार्जित घर आहे. अजिंठा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लेणी येतात. पण लेणी खाली वाघूर नदीच्या घळीत आहेत आणि गाव वर घाटमाथ्यावर. गावाला निजामाच्या काळातला तट, त्याला वेशी, आणि आत गल्लीबोळांत माळवदाची घरे. आमचे घर त्यांतलेच. भिंती पांढऱ्या मातीच्या, चांगल्या दोन हात रुंद, उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार. २०१९ च्या पावसाळ्यात या घराच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आधी फुगली आणि एका रात्री खाली बसली. देवाची कृपा, त्या बाजूला कोणी झोपलेले नव्हते.

आम्ही सगळ्यांनी पावसाला दोष दिला. आई मात्र दोन-तीन महिन्यांपासून सांगत होती, ‘‘भिंतीला ओल येतेय रे, हात लावून बघ.’’ मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पुराव्याशिवाय बोलू नये असे मुलांना बजावत आलो. पण घरातला पुरावा समोर असताना मी हात लावून पाहिले नाही. ‘‘पावसाची ओल असेल,’’ म्हणालो आणि शहरात निघून आलो.

मलबा उपसताना खरे कारण हाती आले. वडिलांनी १९६८ साली उभा ओटा करून घेतला, तेव्हा सिंकचे सांडपाणी गल्लीतल्या गटारात नेण्यासाठी भिंतीतून एक दीड इंची लोखंडी नळ घातला होता. पन्नास वर्षांनी मी जुना सिंक काढून स्टीलचा बसवला आणि त्याला प्लास्टिकचा पाइप जोडला. हा पाइप त्या जुन्या लोखंडी नळाच्या तोंडात खुपसून भोवती लांबी भरून घेतली, वर सिमेंट थापले. काम अर्ध्या तासात झाले. तो सांधा केव्हातरी तडकला आणि भांडी घासल्याचे पाणी थेंबाथेंबाने मातीच्या भिंतीत मुरत राहिले.

दुरुस्तीला आले ते गावातले जुने नळमिस्त्री. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. त्यांनी ढिगाऱ्यातून तो तुकडा उचलला, पुसला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, ‘‘सर, लोखंड बी चांगलं होतं, प्लास्टिक बी चांगलं होतं. मधलं कोणी पाहिलं नाही.’’

चाचांचे ते ‘मधलं’ मनात घर करून राहिले. नळांचा इतिहास आपण सहसा धातूंच्या नावाने सांगतो. आधी माती, मग शिसे, मग बीड, मग लोखंड, आणि आता प्लास्टिक. पण दोन नळ नुसते एकमेकांना चिकटत नाहीत. त्यांच्या मधे काहीतरी तिसरे लागते. त्या तिसऱ्या वस्तूचा इतिहास आज सांगावा असे ठरवले आहे.

‘नळ’ हा शब्दच मुळात बोरूच्या, वेताच्या जातीच्या पोकळ गवताचा. संस्कृतात ‘नल’ म्हणजे ते गवत. निसर्गाने दिलेला नळ पेराशी बंद असतो आणि एका कांडापुरताच लांब असतो. लांब पाणी न्यायचे तर तुकड्याला तुकडा जोडणे आले. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी चार हजार वर्षांपूर्वी यावर जे उत्तर काढले ते आजही बदललेले नाही. त्यांनी भाजक्या मातीचे नळ एका टोकाला निमुळते केले, म्हणजे एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडात बसते. आज हार्डवेअरच्या दुकानात जे सॉकेट मिळते त्याचा हाच पूर्वज. यातला नियम असा, की पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेला निमुळते टोक असावे, म्हणजे वरचा नळ खालच्या नळात शिरावा. छपरावर कौले चढवताना वरचे कौल खालच्यावर येते, तसेच हे. उलटे केले की प्रत्येक सांध्याशी पाणी अडखळते आणि बाहेरची वाट शोधते.

आपल्या मराठवाड्याला या मातीच्या नळांची ओळख फार जुनी आहे. आपल्याकडे त्यांना ‘खापरी नळ’ म्हणतात. देवगिरीच्या किल्ल्यावर त्यांचे अवशेष आहेत. निजामशाहीच्या अहमदनगरात तर डोंगरातून खापरी नळांनी पाणी आणून बागा आणि हौद भरले जात. याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. ॲबिसिनियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये आला आणि राज्य चालवू लागला. त्याने १६१० साली खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. खडकी म्हणजे नावाप्रमाणे खडकाळ जागा. तिथे मोठे शहर वसवायचे तर पाणी कुठून आणणार? उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी जमिनीखाली झिरपणारे पाणी गोळा करून त्याने ते बांधीव भुयारातून शहरात आणले. तीच नहर-ए-अंबरी. साधारण त्याच काळात, १६१५ च्या सुमारास, बऱ्हाणपुरातही अब्दुर्रहीम खानखानाने जमिनीखालून पाणी आणण्याची योजना केली होती. ही विद्या तेव्हा या मुलखात नांदत होती.

अंबरी नहरीनंतर शहरात आणखी नहरी झाल्या. त्यांतली सर्वांच्या परिचयाची म्हणजे पाणचक्कीची, अठराव्या शतकातली. सहलीला गेलो की आपण हौदात पडणारा पाण्याचा पडदा पाहतो, फोटो काढतो आणि परत येतो. मला विचाराल तर पाहण्यासारखी गोष्ट त्या पडद्याच्या मागे, भिंतीत आहे. डोंगरातून काही मैल आलेले पाणी इथे उंच भिंतीच्या माथ्यावर आपोआप चढते. पंप नाही, मोट नाही. उगम त्या भिंतीपेक्षा उंच आहे आणि मधला नळ बंद आहे, एवढ्याच बळावर पाणी आपली पातळी गाठते. पण याचा अर्थ असा, की वाटेतल्या प्रत्येक सांध्यावर आतून दाब आहे. उघड्या पाटाला भेग पडली तर थोडे पाणी वाया जाते. दाबाच्या नळाचा एक सांधा सुटला तर शेवटी भिंतीवर पाणी चढतच नाही आणि चक्कीही थांबते. म्हणून या नहरींच्या वाटेवर ठिकठिकाणी चुनेगच्ची मनोरे उभे केले. नळात अडकलेली हवा तिथून निघून जाते आणि दाबाचे धक्के सौम्य होतात.

आणि मातीच्या नळांमधे तिसरे काय होते? चुना. मळलेला, मुरवलेला चुना. आपण आज चुना विसरलो आणि सिमेंटला पक्के मानू लागलो. सिमेंट लवकर कडक होते आणि जमीन जरा हलली की तडकते. चुना हळूहळू घट्ट होतो, किंचित हालचाल सोसतो आणि बारीक भेग पडली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना त्या भेगेत पुन्हा साचून ती बुजवतो. माती आणि चुना यांचा स्वभाव जुळणारा होता.

आता जरा दूर जाऊ. रोमन लोकांनी शिशाचे नळ केले. लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लंबम’ म्हणतात. त्यावरून शिशाचे काम करणारा तो ‘प्लंबर’. आज आपला प्लंबर दिवसभर प्लास्टिक कापत असतो, पण नावाने तो अजून शिशाचाच कारागीर आहे. शिसे नळातून हद्दपार झाले तरी सांध्यात ते फार काळ टिकून राहिले. मुंबईचे उदाहरण घ्या. हेन्री कॉनिबेअरच्या आराखड्याप्रमाणे विहार तलाव बांधला गेला आणि १८६० साली मुंबईला नळाचे पाणी आले. ते आले बिडाच्या नळांतून. बिडाचा नळ म्हणजे ओतीव लोखंडाचा, एका टोकाला घंटेसारखे रुंद तोंड असलेला. सिंधूकाठच्या मातीच्या नळाचीच ही लोखंडी आवृत्ती.

हा सांधा करणे हे मोठे कसब होते. एका नळाचे टोक दुसऱ्याच्या घंटेत घालायचे. मधल्या फटीत आधी तागाचा किंवा सणाचा पीळ ठोकून ठोकून बसवायचा. मग तोंडाशी मातीची वळी गुंडाळून वर एक छिद्र ठेवायचे आणि त्यातून वितळलेले शिसे एका दमात ओतायचे. मधे थांबलात तर सांधा फुकट. आत ओल राहिली असेल तर वाफ होऊन उकळते शिसे तोंडावर उडणार. शिसे थंड होताना आकसते, म्हणून शेवटी बोथट छिन्नी आणि हातोडीने ते गोलाकार ठोकत जायचे, फटीत पुन्हा दाबून बसवायचे. चाचांनी उमेदवारीच्या दिवसांत हे काम केलेले आहे. त्यांच्या मनगटावर त्या वेळच्या भाजल्याच्या खुणा आहेत. ते म्हणतात, ‘‘शिसं नरम असतं ना सर, म्हणून चालतं. रस्त्यावरून गाडी गेली, नळ हलला, तर शिसं बी थोडं हलतं. फुटत नाही.’’

इथवर बोललो ते चांगल्या पाण्याच्या नळांबद्दल. सांडपाण्याची गोष्ट वेगळी, कारण आपल्या जुन्या घरांत सांडपाण्याला नळच नव्हता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी, मागे न्हाणी. मोरीचे पाणी भोकातून परसात जायचे आणि त्या ओलीवर अळू आणि केळ वाढायची. सांधा नाही, म्हणून गळतीही नाही. घरे दाटीने उभी राहिली, परस गेले, खाली गटारे आली, तेव्हा प्रश्न उभा राहिला. मोरी गटाराला जोडली की गटाराचा वास घरात. यावर तोड म्हणून १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकूपाच्या नळाला एस अक्षरासारखे वळण देऊन त्याचे पेटंट घेतले. वळणात थोडे पाणी कायम साठून राहते आणि तेच वासाला बूच बनते. आजही सिंकखाली जे वाकडे वळण असते, ज्याला आपण ट्रॅप म्हणतो, ते हेच. आणि गंमत पाहा, आपल्या न्हाणीच्या जमिनीत बसवायच्या ट्रॅपला इंग्रजीतल्या बांधकामाच्या पुस्तकांतही ‘नहानी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या आजीची न्हाणी तिथवर पोचली आहे!

सांडपाण्याचा सांधा बिघडला तर केवळ वास येतो असे कोणी समजू नये. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीच्या साथीत सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी बोट ठेवले ते तिथल्या एका सार्वजनिक हातपंपावर. पुढे खणून पाहिले तेव्हा आढळले, की शेजारच्या घराच्या शौचखड्ड्याचे विटांचे बांधकाम खिळखिळे झाले होते आणि विहीर तिथून जेमतेम काही फुटांवर होती. त्या घरातल्या आजारी बाळाचे कपडे धुतलेले पाणी त्या खड्ड्यात जात असे. विटांमधला चुना सुटला आणि गल्ली उजाड झाली.

हा धोका लंडनचा आणि दीडशे वर्षांपूर्वीचाच राहिला असे नाही. आपल्या अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. पाणी असते तेव्हा सांध्यातून ते बाहेर गळते. पाणी बंद झाले की रिकामा होणारा नळ आत ओढू लागतो आणि त्याच सांध्यातून आजूबाजूची घाण आत शिरते. म्हणून गटाराच्या कडेने जाणारा पाण्याचा नळ आणि त्यात घरोघरची गळकी मोरी, ही जोडी पावसाळ्यात कावीळ-हगवणीला आमंत्रण देते.

आता माझ्या सिंककडे परत येतो. १९६८ चा नळ लोखंडाचा होता, जस्ताचा मुलामा दिलेला. मिस्त्री लोक त्याला जीआय म्हणतात. या नळाचा सांधा आटे पाडून करतात. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांची एकसारखी मापे सुचवली आणि त्यामुळे एका कारखान्याचा नळ दुसऱ्या कारखान्याच्या सॉकेटमध्ये बसू लागला. पण नुसते लोखंडावर लोखंड आवळून पाणी थांबत नाही. तिथे तिसरे लागते ते सुतळी आणि सफेदा. आट्यांवर सुतळीचे तंतू गुंडाळायचे, वर सफेदा चोपडायचा आणि पान्याने आवळायचे. सफेदा म्हणजे मूळचे पांढऱ्या शिशाचे चूर्ण जवसाच्या तेलात खललेले. शिसे अंगाला बाधते, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या नळाला तो सफेदा नकोच. आता त्या जागी टेफ्लॉनची पांढरी फीत आली आहे.

आणि प्लास्टिक? ते घरात येण्याआधी शेतात आले आणि आमच्या घाटाखालीच आले. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरवरून जळगावच्या रस्त्याला लागले की वाकोद गाव लागते. भवरलाल जैन यांचा जन्म या गावचा, १९३७ चा. त्यांच्या जळगावच्या कारखान्यात १९८० च्या सुमारास पीव्हीसीचे पाइप तयार होऊ लागले. त्याआधी विहिरीचे पाणी दूरच्या वावरात न्यायचे तर जड लोखंडी नळ बैलगाडीवर लादून आणावे लागत. आता एक माणूस वीस फुटांचा पाइप खांद्यावर टाकून बांधावरून चालू लागला. गंज नाही, आटे पाडणे नाही, शिसे नाही. सोल्युशन लावले, पाइप ढकलला, दोन मिनिटे धरून ठेवला, झाला सांधा. खानदेशच्या केळीला आणि आमच्या कपाशीला या पाइपने पाणी दिले, हे मान्य केलेच पाहिजे.

पण चूक झाली ती इथेच. प्लास्टिकचा प्लास्टिकशी सांधा इतका सोपा, की लोखंडाशीही तो तसाच होईल असे आपण धरून चाललो. ते सोल्युशन गोंदासारखे वरवर चिकटत नाही. पीव्हीसीचा पृष्ठभाग ते किंचित विरघळवते आणि दोन्ही विरघळलेले थर एकजीव होतात. लोखंड त्यात विरघळत नाही, मग एकजीव कशाशी होणार?

दुसरी अडचण मापांची. आपल्या देशात १९५६ चा कायदा होऊन १९५८ पासून दशमान मापे लागू होत गेली. पण लोखंडी नळ बाजारात इंचावरच राहिला आणि प्लास्टिकचा पाइप मिलिमीटरमध्ये आला. त्यात पुन्हा लोखंडाचे माप पोकळीवरून ठरते आणि प्लास्टिकचे बाहेरून. दीड इंच म्हणजे हिशेबाने ३८ मिलिमीटर. प्रत्यक्षात दीड इंची लोखंडी नळ आतून साधारण ४२ आणि बाहेरून ४८ मिलिमीटर भरतो. नाव जुने राहिले, अंग बदलले. प्लास्टिकचा ४० चा पाइप त्याच्या आत खळखळतो आणि ५० च्या पाइपचे सॉकेट त्याच्यावर ढिले बसते. दोन-दोन मिलिमीटरची ही फट म्हणजे दोन मापांच्या दोन राज्यांची सीमा आहे. मी ती फट लांबीने भरली आणि निश्चिंत झालो.

तिसरी अडचण उन्हाची. पीव्हीसी तापले की लोखंडाच्या पाच-सहा पट प्रसरण पावते. एक मीटर पाइप तीस अंशांनी तापला तर प्लास्टिक सुमारे दोन मिलिमीटर वाढते, लोखंड जेमतेम पाव-अर्धा. सिंकमध्ये गरम पेज ओतली, मग गार पाणी सोडले. रोज दहा वेळा प्लास्टिक पुढे-मागे सरकते आणि लोखंड आपल्या जागी बसून राहते. मधे जर दगडासारखी कडक लांबी असेल तर एक दिवस ती तडकणारच. आमची तडकली.

अजिंठ्याचा माणूस म्हणून इथे मला लेण्यांची आठवण होते. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावून चित्रांची दुरुस्ती करवली. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, आणि त्यामुळे कितीतरी चित्रे वाचली. हे ऋण मोठे आहे. पण चित्रांवर त्यांनी जो लाखेचा लेप दिला तो कालांतराने पिवळा-तपकिरी पडला, आणि तो काढून टाकण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे वर्षानुवर्षे राबावे लागले. जुन्यावर नवे चढवताना दोन्हींचा स्वभाव जुळतो का, आणि उद्या ते काढता येईल का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत, असे आज जतनशास्त्र शिकवते.

दुसरी गोष्ट वेरूळची. पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि आपल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध केले. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत. वेरूळचा गिलावा किडीपासून वाचला आणि अजिंठ्यात किडीने पुष्कळ नासधूस केली, त्याचे एक कारण हे असावे असे त्यांचे म्हणणे. गिलाव्यातला तंतू काय, बिडाच्या सांध्यातला सणाचा पीळ काय, आट्यावरची सुतळी काय, काम एकाच जातीचे. कठीण पदार्थांच्या मधे राहून जरासे लवायचे.

चाचांनी माझा सांधा पुन्हा केला तेव्हा तेच केले. आधी नळाचे गंजलेले टोक चांगले लोखंड लागेपर्यंत हॅक्सॉने काटकोनात कापले. कानशीने धार मोडली, पोलिश पेपरने गंज घासला. पेचकस टोचून आणि हलकेच ठोकून नळ आत पोकळ झाला नाही ना, ते पाहिले. ‘‘नळच सडका असेल तर जोडू नये सर, काढून टाकावा,’’ असेही बजावले. मग लोखंड आणि प्लास्टिक एका रेषेत आणून दोन्हींवर रबराची नळी चढवली. रबराच्या दोन्ही टोकांना स्टीलच्या पट्ट्या स्क्रूने आवळल्या. लोखंडाचे ४८ आणि प्लास्टिकचे ५०, दोन्ही मापे रबराने मुकाट्याने सांभाळून घेतली. नळाला फुटामागे पाव इंच उतार ठेवला आणि प्लास्टिकचे ओझे सांध्यावर पडू नये म्हणून भिंतीला क्लॅम्प मारला. शेवटी सिंक काठोकाठ भरून पाणी एकदम सोडले आणि सांध्याभोवती कोरडा कागद गुंडाळून पंधरा मिनिटे थांबलो. कागद कोरडाच राहिला.

मी म्हटले, ‘‘चाचा, आता वरून प्लास्टर करून टाकू, दिसायला बरं.’’ ते म्हणाले, ‘‘नको. सांधा दिसता ठेवा. झाकला का माणूस विसरतो.’’

आपण तेच तर केले. शहर वाढले तशी नहरींच्या वाटेवर घरे उठली. जमिनीखाली सांधे आहेत हे आपण विसरलो. जुने नळ फुटले, काही ठिकाणी त्यांत सांडपाणी शिरले. १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले, तिथून मोठ्या जलवाहिन्यांनी शहराला पाणी आले आणि नहरीची गरज उरली नाही असे वाटू लागले. जुन्याला नवे जोडण्याऐवजी जुने झाकून टाकणे सोपे होते. पाण्याच्या प्रत्येक टंचाईत मला ते मातीचे नळ आठवतात. शिसे ओतणारे हात आता थकले आहेत. चाचांचा मुलगा टाइल्सचे काम करतो. बिडाचा सांधा त्याने कधी केलेला नाही. गावोगाव भिंतींत आणि रस्त्यांखाली जुने लोखंड आणि बीड अजून आहे. त्याला नवे प्लास्टिक रोज जोडले जाते आहे, आणि जोडणाऱ्याला बहुतेक वेळा एकाच बाजूची माहिती असते.

श्रोतेहो, आज रात्री भांडी आवरून झाली की सिंकखालचे दार उघडा. जिथे जुना आणि नवा नळ भेटतो तिथे हात फिरवा. हात ओला झाला तर उद्यावर टाकू नका.

आमची भिंत पुन्हा उभी राहिली, पांढऱ्या मातीचीच. पहिल्या पावसानंतर मी गावी गेलो. आईने काही म्हटले नाही. तिने माझा हात धरून भिंतीला लावला. भिंत कोरडी होती.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)